एका ओळीचा कारभार

१९६९च्या उन्हाळ्यात केन थॉम्पसनची पत्नी वर्षाच्या मुलाला घेऊन सासरी, कॅलिफोर्नियाला गेली. न्यू जर्सीत मागे राहिलेल्या थॉम्पसनने मोकळ्या मिळालेल्या दिवसांची वाटणी करून टाकली. एक आठवडा कार्यप्रणालीच्या गाभ्याला, एक शेलला, एक एडिटरला आणि एक असेंब्लरला. तो पुढेही हा हिशोब असाच सांगत राहिला. त्याचं वय तेव्हा सव्वीस. हाताशी असलेलं यंत्रही त्याला कोणी मुद्दाम दिलेलं नव्हतं. मरे हिल इथल्या बेल लॅब्जच्या इमारतीत एक पीडीपी-७ जवळजवळ बेवारस पडून होतं. त्याची स्मृती ८ हजार शब्दांची, म्हणजे आजच्या मोबाइलवरचं एक लहानसं छायाचित्रही तिच्यात मावणार नाही एवढी. थॉम्पसनला त्याच्यावर खेळ खेळायचा होता.

खेळाचं नाव ‘स्पेस ट्रॅव्हल’. सूर्यमालेत यान फिरवायचं आणि जमलं तर एखाद्या ग्रहावर उतरवायचं. आधी तो कचेरीतल्या मोठ्या जीई संगणकावर चालायचा, पण तिथे एका डावाला सुमारे ७५ डॉलरचा संगणक-वेळ खर्ची पडे. म्हणून थॉम्पसनने खेळ उचलून पीडीपी-७वर आणला. त्यासाठी लागणारी साधनं स्वतः लिहिली आणि साधनं लिहिता लिहिता अख्खी कार्यप्रणालीच लिहून काढली, तीच पुढची युनिक्स. हे काम कोणी मागितलेलं नव्हतं. उलट त्याच वर्षी बेल लॅब्जने एमआयटी आणि जनरल इलेक्ट्रिकबरोबर चाललेल्या मल्टिक्स या अवाढव्य प्रकल्पातून अंग काढून घेतलं होतं आणि वरच्या मंडळींना कार्यप्रणाली हे प्रकरण नकोसं झालं होतं.

मल्टिक्समधून बाहेर पडताना थॉम्पसन आणि त्याचा सहकारी डेनिस रिची यांनी काही कल्पना मात्र सोबत आणल्या. त्यातली एक लुई पूझां या फ्रेंच अभियंत्याची. एमआयटीत असताना पूझांला तेच तेच आदेश रोज टंकण्याचा कंटाळा आला. त्याने ‘रनकॉम’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला. आदेश एका फाइलमध्ये लिहून ठेवायचे आणि रनकॉमने ते ओळीने पार पाडायचे. पुढे मल्टिक्सची आखणी चालली असताना त्याने सुचवलं, की माणसाचे आदेश वाचणारा भाग यंत्रप्रणालीच्या पोटात गाडूच नये. तो बाहेर, इतर कोणत्याही प्रोग्रॅमसारखा साधा प्रोग्रॅम असावा. त्यानेच त्याला शेल असं नाव दिलं आणि तो फ्रान्सला परतला. मल्टिक्सचं पहिलं शेल १९६५मध्ये एमआयटीतल्या ग्लेंडा श्रोडरने लिहिलं.

या कल्पनेचं महत्त्व त्या काळी फार थोड्यांच्या ध्यानात आलं असावं. शेल जर साधा प्रोग्रॅम असेल, तर न आवडलेलं शेल फेकून देऊन दुसरं बसवता येतं. त्यासाठी कार्यप्रणाली उघडावी लागत नाही, कंपनीकडे अर्ज करावा लागत नाही. पुढच्या पन्नास वर्षांत ज्याला ज्याला हाताखालचं शेल टोचलं, त्याने आपलं शेल लिहिलं. घरच्या संगणकावर आज जे लुकलुकतं, ते या अशा फेकाफेकीतूनच आलं आहे.

१९७०मध्ये थॉम्पसन-रिची कंपूने नवं यंत्र मागितलं. कार्यप्रणालीसाठी मागितलं असतं तर नकारच मिळाला असता. मग त्यांनी मजकूर-संपादनाची यंत्रणा उभी करतो असं सांगितलं. लॅबच्या पेटंट विभागाला अर्ज टंकायला आणि छापायला सोय हवीच होती, आणि त्या आडून पीडीपी-११ पदरात पडलं. त्याची स्मृती २४ हजार बाइट, डिस्क साधारण अर्ध्या मेगाबाइटची. एवढ्यात पेटंट विभागाचे टंकलेखक अर्ज तयार करत आणि त्याच वेळी प्रोग्रॅमर आपले उद्योग करत. युनिक्सच्या माहितीपुस्तिकेची पहिली आवृत्ती ३ नोव्हेंबर १९७१ची आहे. कारकुनी कामाच्या नावाखाली संशोधन करण्याची ही युक्ती आपल्याकडच्या सरकारी प्रयोगशाळांनाही अपरिचित नसावी.

या मंडळींपुढे पडदा नव्हता. होती ती टेलिटाइप यंत्रं, म्हणजे कागदाच्या गुंडाळीवर खडखडत छापणारी. त्यांतलं मॉडेल ३३ सेकंदाला १० अक्षरं छापे, तीही फक्त मोठ्या लिपीतली. त्याच्या कळा इतक्या जड, की प्रत्येक अक्षर बोटाच्या जोरावर उमटवावं लागे. युनिक्सचे आदेश दोन-दोन अक्षरांचे का, याचं उत्तर इथे आहे. फाइलींची यादी मागायची तर ‘एलएस’, प्रत काढायची तर ‘सीपी’, हलवायचं तर ‘एमव्ही’, पुसायचं तर ‘आरएम’. काम नीट पार पडलं तर प्रोग्रॅम चकार शब्द काढत नाही, कारण ‘झालं बरं का’ हे छापायलाही दोन सेकंद गेले असते. नवख्याला हा तुटकपणा उद्धट वाटतो. वापरणाऱ्याला काही दिवसांतच त्याची गोडी लागते आणि मग प्रत्येक क्लिकनंतर ‘तुमची खात्री आहे ना?’ असं विचारणाऱ्या खिडक्यांचा उबग येऊ लागतो. काटकसर कधीकधी अतीही झाली. फाइल तयार करण्याच्या आज्ञेच्या स्पेलिंगमधलं शेवटचं ‘ई’ थॉम्पसनने गाळलं. युनिक्स पुन्हा लिहायचं झालं तर काय बदलशील, असं कोणी विचारलं की तो सांगे, तेवढं ‘ई’ घालीन.

शेलमध्ये खरी बहार आणली ती डग मॅकिलरॉयने. तो थॉम्पसन-रिचींचा विभागप्रमुख. १९६४मध्येच त्याने एका टिपणात लिहून ठेवलं होतं, की बागेतले नळीचे तुकडे जसे एकमेकांना जोडता येतात तसे प्रोग्रॅम जोडता आले पाहिजेत. युनिक्स आल्यावर तो ही मागणी घेऊन वर्षानुवर्षं थॉम्पसनच्या मागे लागला. थॉम्पसनने एके दिवशी ती मान्य केली आणि एका रात्रीत काम उरकलं. नुसती सोय घालून तो थांबला नाही. एकेक जुना प्रोग्रॅम उघडून तो असा सुधारला, की आधीच्या प्रोग्रॅमने ओतलेला मजकूर पुढच्याने निमूट घ्यावा. दुसऱ्या दिवशी सगळी खोली एका ओळीचे आदेश जुळवण्यात रंगून गेली होती, असं मॅकिलरॉयने नंतर सांगितलं आहे. दोन आदेशांच्या मधली उभी रेघ थोड्या दिवसांनी आली. आधीचं चिन्ह चारचौघांत दाखवायला थॉम्पसनला बरं वाटेना. १९७३च्या आरंभीच्या माहितीपुस्तिकेत ही जोडणी ‘पाइप’ या नावाने आहे.

याच सुमाराची ‘ग्रेप’ची कथाही अशीच गरजेपोटी घडलेली. ली मॅकमॅहन या सहकाऱ्याला अमेरिकेच्या राज्यघटनेच्या काळातले ‘फेडरलिस्ट’ निबंध तपासायचे होते. कोणता निबंध कोणी लिहिला, हे शब्दांच्या वापरावरून ठरवायचं होतं. एडिटरच्या पोटात एवढा मजकूर मावेना. मग थॉम्पसनने एडिटरमधली शोधण्याची करामत सुटी करून तिचा वेगळा प्रोग्रॅम केला. मजकूर साठवायचाच नाही, ओळ आली की तपासायची, जुळली तर पुढे द्यायची, नाहीतर सोडून द्यायची. शंभर ओळी असोत की शंभर कोटी, स्मृती तेवढीच लागते.

या पद्धतीची ताकद किती, हे सगळ्या जगाला १९८६मध्ये दिसलं. जॉन बेंटली एका नामांकित संगणक-मासिकात सदर लिहायचा. त्याने डोनाल्ड नूथला एक काम दिलं: दिलेल्या मजकुरात सर्वांत जास्त वेळा येणारे शब्द शोधून उतरत्या क्रमाने छाप. नूथ म्हणजे संगणकशास्त्रातला ऋषितुल्य माणूस. त्याने पास्कलवर बेतलेल्या आपल्या ‘वेब’ पद्धतीत कित्येक पानांचा, स्वतःच घडवलेल्या नव्या रचनेचा अतिशय सुबक प्रोग्रॅम लिहिला. बेंटलीने तो परीक्षणासाठी मॅकिलरॉयकडे पाठवला. मॅकिलरॉयने कारागिरीची तोंडभरून स्तुती केली आणि शेवटी तेच काम करणारे सहा आदेश लिहून दिले. पहिल्या आदेशाने अक्षर नसलेल्या प्रत्येक चिन्हाच्या जागी ओळ तोडायची, म्हणजे एका ओळीवर एकच शब्द राहतो. दुसऱ्याने मोठी लिपी लहान करायची. तिसऱ्याने शब्द वर्णानुक्रमे लावायचे, मग सारखे शब्द आपोआप शेजारी येतात. चौथ्याने शेजारचे सारखे शब्द मोजून एकच ठेवायचा. पाचव्याने त्या मोजणीप्रमाणे उतरता क्रम लावायचा. सहाव्याने हव्या तेवढ्या ओळी झाल्या की थांबायचं.

हा किस्सा युनिक्सची मंडळी विजयगाथेसारखा सांगतात. मला त्यात नूथवर थोडा अन्याय दिसतो. त्याला सर्वांत छोटा उपाय मागितलेलाच नव्हता. प्रोग्रॅम साहित्यासारखा वाचनीय कसा लिहावा, हे दाखवायला सांगितलं होतं आणि ते त्याने चोख दाखवलं. पण मॅकिलरॉयचा मुद्दा त्यामुळे खोटा ठरत नाही. ते सहा आदेश त्याने परीक्षणासाठी नव्याने घडवले नव्हते. प्रत्येक आदेश कोणीतरी, कधीतरी, भलत्याच कामासाठी लिहिलेला होता. सकाळी प्रश्न पडला तर दुपारच्या जेवणाआधी उत्तर हातात, आणि उत्तर मिळालं की ती ओळ विसरून गेलं तरी चालतं. घरी बसून कॅमेऱ्यातल्या हजारभर छायाचित्रांची नावं तारखेप्रमाणे बदलणारा किंवा बँकेच्या वर्षभराच्या उताऱ्यातून वीजबिलाच्या ओळी वेगळ्या काढणारा माणूस आज याच पद्धतीने काम करतो. एकदाच वापरून टाकून द्यायचा प्रोग्रॅम लिहिण्यात मोठी चैन आहे, आणि ती चैन शेलने सामान्य माणसाला परवडेल अशी केली.

शेल मात्र थॉम्पसनचं राहिलं नाही. ते छोटं आणि नेटकं होतं, पण त्यात धड प्रोग्रॅम लिहिता येत नसे. जॉन मॅशीने ते वाढवून पाहिलं. मग केंब्रिजहून आलेल्या स्टीव्ह बॉर्नने नव्याने शेल लिहिलं आणि ते १९७९मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर बाहेर पडलं. बॉर्नचा जीव अल्गॉल-६८ या भाषेत अडकलेला. तिथल्या रिवाजाप्रमाणे त्याने ‘इफ’ची अखेर त्याच अक्षरांच्या उलट क्रमाने ‘फाय’ अशी केली आणि ‘केस’ची ‘इसॅक’. ‘डू’ची अखेर ‘ऑड’ व्हायला हवी होती, पण त्या नावाचा प्रोग्रॅम युनिक्समध्ये आधीच ठाण मांडून बसला होता, म्हणून तिथे ‘डन’ आलं. शेलचा स्वतःचा सी भाषेतला मजकूरही त्याने असा अल्गॉलच्या वेषात लिहिला, की तो वाचून हैराण झालेल्या दोघांनी सी भाषेतल्या सर्वांत दुर्बोध प्रोग्रॅमसाठी स्पर्धाच सुरू केली. तरीही बॉर्नने घातलेली वाक्यरचना आज अब्जावधी यंत्रांवर जशीच्या तशी चालते.

त्याच काळात कॅलिफोर्नियातल्या बर्कले विद्यापीठात बिल जॉय नावाचा विद्यार्थी आपलं शेल आणि आपला एडिटर लिहीत होता. त्याच्या सी-शेलमध्ये मागे दिलेला आदेश पुन्हा बोलावता येई, लांब आदेशाला आवडीचं छोटं नाव देता येई. ‘व्हीआय’ एडिटर त्याने बराचसा घरी बसून लिहिला. घरी टर्मिनल आणि ३०० बॉडचा मोडेम, म्हणजे सेकंदाला सुमारे ३० अक्षरं. पडदा पूर्ण रंगेपर्यंत माणूस चहा टाकून येईल. म्हणून व्हीआयचे आदेश एकेका अक्षराचे. एच, जे, के, एल या चार कळांनी कर्सर हलवायचा रिवाजही तिथलाच, कारण जॉयच्या एडीएम-३ए टर्मिनलवर बाण त्याच कळांवर छापलेले होते. आज हजारो रुपयांच्या कीबोर्डवर वेगळ्या बाणकळा असतानाही लोक या चार अक्षरांवर बोटं ठेवून बसतात आणि त्यांना ते सोडवत नाही.

युनिक्स एवढं पसरलं त्याला एक कायदेशीर कारणही होतं. १९५६च्या सरकारी समझोत्याने बेल लॅब्जची मालक एटीअँडटी हिला दूरध्वनीखेरीज दुसऱ्या धंद्यात उतरायला बंदी होती. संगणकप्रणाली विकता येत नव्हती म्हणून ती विद्यापीठांना नाममात्र किमतीत, मूळ मजकुरासकट देऊन टाकली गेली. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जॉन लायन्सने सहाव्या आवृत्तीच्या गाभ्यावर ओळ न् ओळ उलगडणारी टीका लिहिली. मग एटीअँडटीला जाग आली. सातव्या आवृत्तीच्या परवान्यात तिने मूळ मजकूर वर्गात शिकवायला मनाई केली, आणि लायन्सची टीका छायाप्रतींच्या रूपाने हातोहात फिरू लागली. १९८४मध्ये एटीअँडटीचे तुकडे झाले, धंद्यावरची बंदी उठली आणि युनिक्सला बाजारभाव लागला.

घराघरांत तोवर संगणक पोहोचले होते, पण युनिक्स नव्हे. आठ बिटांच्या यंत्रावर ते मावतच नव्हतं. गॅरी किल्डॉलच्या सीपी/एम प्रणालीने ‘ए’ हे अक्षर आणि पुढे कोनी चिन्ह दाखवून आदेश मागायला सुरुवात केली. तोच साचा १९८१मध्ये आयबीएमच्या पीसीबरोबर आलेल्या डॉसने उचलला. १९८३च्या दुसऱ्या डॉसमध्ये मायक्रोसॉफ्टने युनिक्सकडून फोल्डरची उतरंड आणि पाइप दोन्ही घेतले. पण डॉस एका वेळी एकच प्रोग्रॅम चालवू शके. त्यामुळे पाइपचं निव्वळ सोंग होतं. पहिल्याचा सगळा मजकूर तात्पुरत्या फाइलमध्ये साठायचा आणि पहिला संपल्यावर दुसरा ती फाइल वाचायला घ्यायचा. तिरपी रेघही उलटी झाली, कारण सरळ रेघ पहिल्या डॉसने आदेशातल्या पर्यायांसाठी वापरून टाकली होती. नव्वदीच्या सुरुवातीला महाराष्ट्रात गल्लोगल्ली निघालेल्या कॉम्प्युटर क्लासांत ज्यांनी ‘सी प्रॉम्प्ट’पुढे बसून डीआयआर घोकलं, त्यांची कमांड लाइनशी ओळख या पातळ केलेल्या रूपातून झाली. तिचा कंटाळा आलेल्यांना मी दोष देत नाही.

युनिक्स घरी आणण्याची खटपट वेगळ्याच माणसांनी केली. रिचर्ड स्टॉलमनने सप्टेंबर १९८३मध्ये जाहीर केलं, की युनिक्ससारखी पण कोणाच्याही मालकीच्या बंधनाशिवायची पूर्ण प्रणाली आपण लिहिणार, नाव जीएनयू. तिला शेल हवं होतं. ते काम ब्रायन फॉक्सला मिळालं आणि जून १९८९मध्ये ‘बॅश’ची पहिली चाचणी-आवृत्ती आली. वाक्यरचना बॉर्नची, आदेश पुन्हा बोलावण्याची सोय जॉयच्या शेलवरून, आणि मूळ मजकूर सगळ्यांना खुला. थोड्याच काळात ओहायोतल्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठातल्या चेट रेमीने बॅशचा सांभाळ हाती घेतला. तो ते आजही पाहतो आहे, नोकरीचं काम म्हणून नव्हे. २०१४च्या सप्टेंबरमध्ये बॅशमध्ये पंचवीस वर्षं दडून बसलेली एक भयंकर फट सापडली आणि जगभरचे सर्व्हर धोक्यात आले. एवढा मोठा डोलारा एका माणसाच्या फावल्या वेळावर उभा आहे, हे तेव्हा अनेक कंपन्यांना पहिल्यांदाच कळलं.

दुसरीकडे ॲम्स्टरडॅममध्ये अँड्र्यू टॅनेनबाउम या प्राध्यापकाने सातव्या आवृत्तीच्या परवान्यावर उपाय काढला. वर्गात शिकवता यावं म्हणून त्याने त्याच धर्तीची छोटी प्रणाली स्वतः लिहिली, मिनिक्स. ती १९८७मध्ये पाठ्यपुस्तकासह आली आणि पीसीवर चाले. ५ जानेवारी १९९१ला हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने हप्त्यांवर ३८६ पीसी घेतला, ४ मेगाबाइट स्मृतीचा. मिनिक्सच्या फ्लॉपी यायला उशीर लागला, तोवर तो ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ खेळत बसला. विद्यापीठातल्या युनिक्सची त्याला चटक लागली होती आणि तीच मजा घरच्या टेबलावर हवी होती. घरून विद्यापीठाच्या यंत्राला जोडून घ्यायला त्याने स्वतःचं टर्मिनल लिहिलं. मग फाइली उतरवून घ्यायला डिस्क वाचण्याची सोय जोडली, आणि थॉम्पसनसारखाच तोही साधनांपासून सुरुवात करून कार्यप्रणालीपर्यंत पोहोचला. एकदा मोडेमला द्यायचा आदेश चुकून हार्ड डिस्कच्या नावावर गेला आणि मिनिक्सचा भाग पुसला गेला. पुन्हा मिनिक्स बसवण्याऐवजी त्याने आपलंच पुढे न्यायचं ठरवलं. तेच पुढे लिनक्स झालं.

२५ ऑगस्ट १९९१ला त्याने मिनिक्सच्या मंडळींना कळवलं, की छंद म्हणून एक प्रणाली लिहितो आहे, जीएनयूसारखी मोठी काही होणार नाही. आपल्या नव्या गाभ्यावर काय चालतं, हे सांगताना त्याने दोन नावं दिली, बॅश आणि जीसीसी हा कंपायलर. नव्या प्रणालीत प्राण आला हे दाखवायला शेल सुरू होणं पुरेसं होतं. बर्कलेचं युनिक्सही १९९२मध्ये ३८६ यंत्रावर आलं, पण तिकडे एटीअँडटीच्या उपकंपनीने खटला भरला आणि तो १९९४पर्यंत रेंगाळला. बर्कलेचं आधी हाती आलं असतं तर मी लिनक्सच्या वाटेला गेलो नसतो, असं टोरवाल्ड्सने सांगितलं आहे.

आपल्याकडे युनिक्सचा प्रॉम्प्ट घरी आला तो आधी फोनच्या तारेवरून. १५ ऑगस्ट १९९५ला व्हीएसएनएलने इंटरनेट सुरू केलं, तेव्हा चित्रांसकटचं कनेक्शन महाग होतं आणि स्वस्तातलं होतं ते शेल खातं. मुंबईतल्या घरून मोडेमने नंबर लावायचा, तारेतली किरकिर ऐकायची आणि लागलाच तर व्हीएसएनएलच्या यंत्रावर अक्षरांचा पडदा उघडायचा. पत्रं ‘पाइन’मध्ये, वेब ‘लिंक्स’ या अक्षरी ब्राउझरमध्ये. लिनक्स पुढे ‘पीसीक्वेस्ट’सारख्या मासिकांबरोबर येणाऱ्या सीडींतून घरोघरी पोहोचलं. ज्यांनी शेल खात्यावर दिवस काढले होते, त्यांना लिनक्स बसवल्यावर काळ्या पडद्याची भीती वाटली नाही.

आज ही भीती बाळगायला कोणालाच कारण उरलेलं नाही. ॲपलने २००१पासून प्रत्येक मॅकमध्ये युनिक्सचं टर्मिनल ठेवलं आहे. २०१९मध्ये तिने बॅशऐवजी झेडशेल पुढे केलं. ते १९९०मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातल्या पॉल फॉलस्टॅड या विद्यार्थ्याने लिहिलेलं. मायक्रोसॉफ्टने २०१६मध्ये खुद्द विंडोजमध्ये बॅश आणलं. त्याच्या पंधरा वर्षं आधी त्याच कंपनीच्या प्रमुखाने लिनक्सला कर्करोग म्हटलं होतं.

मराठी वाचकासाठी या इतिहासात एक प्रकरण अपुरं आहे. मॅकिलरॉयच्या त्या सहा आदेशांत अक्षर म्हणजे ए ते झेड. देवनागरी मजकूर त्यात घातला तर सगळा मजकूरच गायब होतो. डॉसच्या जमान्यात पुण्याच्या सी-डॅकने यावर जिस्ट कार्डाचा तोडगा काढला होता. पीसीत हे कार्ड बसवलं की वर्डस्टार किंवा डीबेससारख्या अक्षरी प्रोग्रॅमांतही देवनागरी दिसे आणि टंकता येई. पुढे सप्टेंबर १९९२मध्ये न्यू जर्सीतल्या एका खानावळीत थॉम्पसनने रॉब पाइकच्या साक्षीने टेबलावरच्या कागदी चटईवर यूटीएफ-८ची रचना मांडली. आज आपण पाठवतो ते मराठीचे बहुतेक निरोप त्या रचनेतून जातात, देवनागरीच्या एकेका चिन्हाला ३ बाइट या हिशोबाने. म्हणजे फाइलीत मराठी सुखरूप आहे, ग्रेपला मराठी शब्द सापडतो, पाइपमधून मराठी वाहते.

अडतं ते पडद्यावर. टर्मिनल म्हणजे सारख्या चौकटींची जाळी, टेलिटाइपच्या ठरावीक रुंदीच्या अक्षरांची वारस. ‘क्षि’ हे एक अक्षर आपल्याला एक दिसतं, यंत्राला त्यात चार चिन्हं आणि १२ बाइट दिसतात. ते किती चौकटी व्यापणार, याबद्दल शेल आणि टर्मिनल यांचं एकमत झालं नाही की कर्सर भरकटतो, वेलांटी भलत्याच अक्षरावर जाते आणि मागे जाऊन पुसायला घेतलं तर नको ते पुसलं जातं. चिनी-जपानी लिप्यांसाठी दोन चौकटींचा नियम ठरला, कारण तिथल्या प्रोग्रॅमरांना रोज त्याची नड होती. देवनागरीसाठी मात्र सर्वत्र पाळला जाणारा नियम अजून रुळलेला नाही. बहुतेक टर्मिनलांचा मूळ मजकूर आज खुला आहे, चुका नोंदवायला आणि दुरुस्त्या पाठवायला कोणाची परवानगी लागत नाही. घरच्या यंत्रावर टर्मिनल उघडून त्यात मराठी टंकणाऱ्यांची संख्या वाढल्याशिवाय हे काम कोणी हातात घेणार नाही. तेव्हा ज्यांना प्रोग्रॅमिंग येतं त्यांनी हे काम अंगावर घ्यावं, आणि ज्यांना येत नाही त्यांनी निदान आपल्या फाइलींना मराठी नावं देऊन, कुठे काय बिघडतं ते त्या त्या प्रकल्पाला कळवावं.